बॅटरीची याददाश्त

भिवंडीच्या गोडाऊन पट्ट्यात, माणकोली असो की वडपे, बारकोड स्कॅनर वापरणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा की बॅटरी कशी सांभाळायची. तीन उत्तरं ठरलेली मिळतात. एक, पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. दोन, नवी बॅटरी आली की पहिल्यांदा रात्रभर लावून ठेवायची. तीन, ईदची किंवा दिवाळीची सुट्टी असेल तर जाण्याआधी सगळे पॅक फुल करून ठेवायचे. सांगणारा ठामपणे सांगतो, कारण त्याला त्याच्या सुपरवायझरने सांगितलेलं असतं आणि सुपरवायझरला त्याच्या आधीच्याने.

एरवी मी दख्खनच्या सनदा, फर्मानं आणि इनामांच्या वादांवर लिहितो. जुने कागद वाचताना एक गोष्ट वारंवार दिसते. एखादी रीत ज्या कारणासाठी सुरू झाली ते कारण संपतं, रीत मात्र पुढची दोनशे वर्षं चालू राहते. स्कॅनरच्या बॅटरीबद्दलच्या या तीन सल्ल्यांचं नेमकं तेच झालं आहे. तिन्ही सल्ले कधीकाळी बरोबर होते. पण ते तीन वेगवेगळ्या रसायनांसाठी होते, आणि आजच्या स्कॅनरच्या मुठीत त्यांतलं एकही रसायन बहुधा नसतं.

हा विषय क्षुल्लक वाटेल. पण भिवंडीत तो क्षुल्लक नाही. मुंबईच्या जकातीबाहेर म्हणून इथल्या ग्रामपंचायतींच्या जमिनीवर आधी गोदामं आली, २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यावर ती आणखी मोठी झाली. यंत्रमागाचा धंदा बसत गेला तसतशी मोमीनपुऱ्यातली, कोळीवाड्यातली, खेड्यापाड्यातली पोरं मागावरून उठून गोडाऊनमध्ये गेली. तिथे त्यांच्या कामाचं माप स्कॅनर ठेवतो. तासाला किती नग उचलले ते त्यातच नोंदवलं जातं. बॅटरी रॅकच्या मधोमध बसली की पोरगा चार्जिंगच्या टेबलापर्यंत चालत जातो, दुसरा पॅक शोधतो, परत येतो. यात गेलेली दहा मिनिटं बॅटरीच्या नावावर लागत नाहीत, पोराच्या नावावर लागतात. म्हणून ती बॅटरी का बसते, याचा इतिहास पाहायला हवा.

सुरुवातीला बॅटरीचा प्रश्नच नव्हता. फिलाडेल्फियात नॉर्मन जोसेफ वुडलंड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांनी १९४९ मध्ये बारकोडच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९५२ मध्ये ते मिळालं. वुडलंडला स्काउटमध्ये शिकलेला मोर्स कोड येत होता. मायामीच्या समुद्रकिनारी वाळूत बोटं ओढताना ठिपके आणि रेघा लांबवल्या तर जाड-बारीक पट्टे होतात, हे त्याला सुचलं. पण ते पट्टे वाचायला पुरेसा तेज आणि बारीक प्रकाश तेव्हा उपलब्ध नव्हता. तो प्रकाश यायला आणखी अकरा वर्षं लागली. १९६० च्या डिसेंबरात बेल लॅबमध्ये हेलियम आणि निऑन वायूच्या मिश्रणातून अखंड चालणारा लेसर तयार झाला. हे काम करणाऱ्यांत प्रमुख होते अली जावान, तेहरानमध्ये जन्मलेले. विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट त्यांचे सहकारी होते. पुढे दुकानांतल्या पहिल्या पिढीच्या स्कॅनरांत हाच हेलियम-निऑन लेसर बसला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगगमचं एक पाकीट स्कॅन झालं, किंमत ६७ सेंट. दुकानात बारकोडवर झालेली ती पहिली विक्री मानली जाते. तो स्कॅनर काउंटरमध्ये बसवलेला होता. वीज भिंतीतून येत होती, आणि वस्तू स्कॅनरकडे न्यावी लागत होती.

गोदामात हे उलटं असतं. वस्तू जागेवर, स्कॅनर तिच्याकडे न्यायचा. खोकं तीस किलोचं असलं तर ते उचलून काउंटरवर कोण नेणार? १९८१ मध्ये अमेरिकन संरक्षण खात्याने आपल्याला पुरवल्या जाणाऱ्या मालावर कोड ३९ प्रकारचा बारकोड बंधनकारक केला, तेव्हा हातात धरायच्या स्कॅनरची गरज एकदम वाढली. त्याआधी वर्षभर सिम्बॉल टेक्नॉलॉजीज या कंपनीने पिस्तुलाच्या आकाराचा लेसर स्कॅनर बाजारात आणलेला होता. आत तीच हेलियम-निऑनची काचेची नळी. तिला हजार व्होल्टच्या वर दाब लागायचा, आणि घातलेल्या विजेच्या हजाराव्या भागाइतकाही प्रकाश बाहेर पडायचा नाही. अशा यंत्राला खिशाएवढ्या बॅटरीवर दिवसभर चालवणं कठीण होतं, त्यामुळे पिस्तुलाच्या मुठीतून वायर निघालेली असायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लाल प्रकाश देणारे लेसर डायोड आले. तांदळाच्या दाण्याहून लहान आणि दोन-तीन व्होल्टवर चालणारे. वायर तोडता आली ती या डायोडमुळे. आणि वायर तुटल्यावर मुठीत बॅटरी बसली.

ती बॅटरी होती निकेल-कॅडमियमची.

निकेल-कॅडमियम सेल स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये बनवला. कमालीचा दणकट सेल. पूर्ण उतरवा, जोरात चार्ज करा, थंडीत वापरा, तो सहन करतो. त्याला एकच खोड होती. उपग्रहांमध्ये हे सेल वापरले जात. उपग्रह दर फेरीत ठरावीक वेळ पृथ्वीच्या सावलीत जातो, तेवढ्या वेळात बॅटरी ठरावीक तेवढीच उतरते आणि उन्हात येताच पुन्हा भरते. हे हजारो वेळा अगदी त्याच मापाने झालं की सेल त्या मापालाच सरावायचा. त्याच्यापुढे वीज मागितली की व्होल्टेज घसरायचं. इंजिनिअरांनी याला मेमरी म्हटलं, आणि आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांनी 'बॅटरीची याददाश्त'. उपाय होता, अधूनमधून सेल पूर्ण उतरवायचा आणि मग भरायचा. गोदामातला वापर उपग्रहाइतका मोजूनमापून कधीच नसतो, त्यामुळे तिथे दिसणारी कमजोरी बहुतेकदा याददाश्तीची नसायची, तर दिवसरात्र चार्जरवर ठेवून जास्त भरल्याची असायची. पण लक्षणं सारखी आणि उपायही बऱ्याच अंशी सारखा. पूर्ण उतरवल्यावर पॅक सुधारायचा. म्हणून सल्ला रूढ झाला, आणि त्या काळापुरता तो चुकीचा नव्हता. यंत्रांचे मोठे चार्जर तर खास बटण घेऊन यायचे, दाबलं की पॅक आधी रिकामा व्हायचा.

कॅडमियम गेलं ते त्याच्या विषामुळे. जपानच्या जिन्झू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं आणि माणसांची हाडं ठिसूळ झाली. १९६८ मध्ये जपान सरकारने त्या आजाराचं कारण अधिकृतपणे मान्य केलं. युरोपने २००६ च्या बॅटरी निर्देशात हातातल्या उपकरणांच्या बॅटऱ्यांमधलं कॅडमियम जवळपास बंद केलं.

त्याच्या जागी आली निकेल-मेटल हायड्राइड. साधारण १९८९ पासून बाजारात. कॅडमियम नाही आणि तेवढ्याच आकारात जास्त वीज. मात्र ही नुसती पडून राहिली तरी उतरते, जुन्या प्रकारची तर महिनाभरात बरीच उतरायची. कारखान्यातून निघून बोटीने येऊन दुकानात पोचेपर्यंत पॅकमधले तीन सेल तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर गेलेले असत. त्यांना एका पातळीवर आणायला पहिली चार्जिंग लांब आणि सावकाश द्यावी लागे. रात्रभर लावण्याचा दुसरा सल्ला इथून आला.

दोन हजारच्या दशकातल्या वायरलेस स्कॅनरांत हे पॅक सर्रास होते. एक खूप खपलेला स्कॅनर म्हणजे सिम्बॉलचा एलएस ४२७८. त्याच्या मुठीत ३.६ व्होल्टचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक असे, आणि तो काढायला मुठीच्या बुडाचा एक स्क्रू पुरे. लहान दुकानांत, औषधांच्या ठोक विक्रीत हे स्कॅनर अजून चालताना मी पाहिले आहेत. या ३.६ आकड्यात एक सापळा आहे. निकेलचा एक सेल १.२ व्होल्टचा, तीन जोडले की ३.६. आणि लिथियम-आयनचा एकच सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा. लेबलवरचा आकडा सारखा दिसतो म्हणून कोणी हुशारीने निकेलच्या पॅकच्या जागी मोबाइलमधला लिथियम सेल सोल्डर करतो. स्कॅनर चालूही होतो. पण त्या स्टँडमधला चार्जर निकेलसाठी बनलेला आहे. निकेल भरत आला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं किंवा तो तापू लागतो, चार्जर त्या खुणेची वाट पाहतो. लिथियमचा सेल ती खूण देत नाही, आणि ४.२ व्होल्टच्या वर भरला तर तो फुगतो किंवा पेटतो. कुठलाही पॅक बदलताना म्हणूनच आधी रसायनाचं नाव वाचायचं, मग व्होल्टचा आकडा.

या दोन रसायनांच्या मधल्या काळात आणखी एक प्रकार होता, आता विसरला गेलेला. पडदा आणि बटणं असलेली, पिस्तुलाच्या मुठीची जी यंत्रं आली त्यांतली बरीचशी पॉकेट पीसी जातीच्या विंडोजवर चालायची. त्यात नोंदी ठेवायची जागा अशी होती की वीज गेली की नोंदी गेल्या. मुख्य पॅक बदलताना डेटा जिवंत राहावा म्हणून आत बटणाएवढी एक राखीव बॅटरी असे. ती काही मिनिटं सांभाळायची. राखीव बॅटरी म्हातारी झाली आणि मुख्य पॅक काढला, तर सकाळपासून मोजलेला माल पुन्हा मोजायचा. साधारण २००५ नंतर विंडोज मोबाइलच्या नव्या आवृत्तीने डेटा कायमस्वरूपी मेमरीत ठेवायला सुरुवात केली आणि ही धास्ती संपली. तरी जुने लोक आजही पॅक बदलताना 'लवकर, लवकर' म्हणतात. पन्नाशीच्या एका स्टोअरकीपरने माझ्यासमोर घड्याळाकडे बघत पॅक बदलला होता. यंत्र होतं अगदी नवं.

आता लिथियम. हे नाव घेतलं की २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल आठवतं. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांना ते मिळालं. सत्तरच्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी लिथियमची पुन्हा भरता येणारी बॅटरी करून दाखवली, १९८० मध्ये गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डच्या गटाने तिच्या धन ध्रुवासाठी कोबाल्ट ऑक्साइड शोधलं, १९८५ मध्ये योशिनो यांनी ऋण ध्रुवावर कार्बन वापरून सुरक्षित सेल बांधला. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. या साखळीतला एक माणूस त्या यादीत नाही. रशीद याझामी, मोरोक्कोतल्या फेझ शहरात १९५३ मध्ये जन्मलेले. ग्रेनोबलमध्ये संशोधन करताना १९८० च्या सुमारास त्यांनी दाखवलं की लिथियम ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरू शकतो आणि सुखरूप परत बाहेरही येऊ शकतो. पहिल्या व्यापारी सेलमध्ये ग्रॅफाइट नव्हता, वेगळ्या जातीचा कार्बन होता, कारण त्या वेळच्या द्रावणात ग्रॅफाइटचे थर सोलून निघत. द्रावण बदललं, ग्रॅफाइट आला, आणि आज बहुतेक लिथियम-आयन सेलचा ऋण ध्रुव तोच आहे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अभियांत्रिकी अकादमीने ड्रेपर पुरस्कार दिला तेव्हा गुडइनफ, योशिनो आणि सोनीचे योशिओ निशी यांच्याबरोबर याझामींचं नाव होतं. नोबेल तीनपेक्षा जास्त जणांना देता येत नाही.

नोबेल कोणाला मिळालं यावर मला रडगाणं गायचं नाही. मला खटकते ती आपली सवय. मुसलमान आणि विज्ञान असा विषय निघाला की आपले वक्ते इब्न सीना, अल-जझरी, इब्न अल-हैसम अशी तीन नावं घेतात आणि हजार वर्षांपूर्वीच थांबतात. गोडाऊनमधला पोरगा ज्या यंत्राचा खटका दिवसातून हजार वेळा दाबतो, त्याच्या घराण्यातला पहिला लेसर तेहरानच्या माणसाचा आणि मुठीतल्या बॅटरीतला ग्रॅफाइट फेझच्या माणसाचा, हे त्या भाषणांत कधी ऐकायला मिळत नाही. जावान आणि याझामी कोणत्या समाजाची शान वाढवायला बसले नव्हते, प्रयोगशाळेत आपलं काम करत होते. तरी नाव माहीत असायला काय हरकत आहे?

ग्रॅफाइटची गोष्ट सांगण्याचं आणखी एक कारण आहे. बॅटरी कशी सांभाळायची याचं उत्तर त्या थरांतच आहे. पहिल्या काही चार्जिंगमध्ये ग्रॅफाइटवर एक पातळ साय धरते. ती चांगली असते, आतल्या द्रावणापासून ग्रॅफाइटला वाचवते. पण उष्णतेत आणि सेल पूर्ण भरलेला असताना ही साय जाड होत जाते, आणि प्रत्येक वेळी थोडा लिथियम कायमचा अडकवून ठेवते. सेलची क्षमता जाते ती मुख्यतः अशी. म्हणजे निकेल-कॅडमियमला जी याददाश्त होती ती लिथियमला नाही म्हणायला हरकत नाही. अर्धा उतरल्यावर लावा, पाव उतरल्यावर लावा, फरक पडत नाही. उलट रोज शेवटच्या थेंबापर्यंत उतरवणं त्याला जाचतं. लिथियम लक्षात ठेवतो तो उकाडा.

आणि भिवंडीत उकाडा कुठे असतो? पत्र्याखाली. मी पाहिलेल्या गोडाऊनांत चार्जिंगचं टेबल बहुधा पोटमाळ्यावर, ऑफिसच्या केबिनच्या छतावर टाकलेलं असतं, कारण खालची जागा मालाला हवी असते. मे महिन्यात दुपारी तिथे हात टेकवत नाही. तिथे पॅक पूर्ण भरलेल्या अवस्थेत चार-पाच दिवसांच्या सुट्टीभर चार्जरवर बसून राहतात. हा तिसरा सल्ला आला इन्व्हर्टरच्या आणि गाडीच्या बॅटरीकडून. शिसं-आम्लाची बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, म्हणून ती भरूनच ठेवायची असते. घराघरात इन्व्हर्टर आले तसं हे शहाणपणही घराघरात आलं आणि तिथून स्कॅनरच्या टेबलावर चढलं. लिथियमच्या पॅकला याच्या उलट हवं. सुट्टीला जाताना साधारण अर्धा भरलेला, यंत्रातून काढून, खालच्या मजल्यावर सावलीत. महिनोन्महिने पडून राहणार असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहायचा आणि फार उतरला असेल तर पुन्हा अर्ध्यावर आणायचा, कारण अगदी तळाला गेलेल्या सेलला बरेच चार्जर हातच लावत नाहीत. हिवाळ्यात कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शून्याखाली गारठलेला पॅक तसाच चार्जरवर ठेवू नये. त्या थंडीत लिथियम थरांत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साठतो.

पहिल्या सल्ल्यात सत्याचा एक तुकडा मात्र अजून शिल्लक आहे, तो नाकारू नये. पडद्यावर दिसणारी टक्केवारी ही सेलची नसते, मोजणाऱ्या चिपची असते. ती चिप कधीकधी वाट चुकते. चाळीस टक्के दाखवते आणि यंत्र बंद पडतं. अशा वेळी एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरलं तर मोजमाप जागेवर येतं. त्याने सेल सुधारत नाही, हिशेब सुधारतो. तेवढंही करून टक्के भराभर घसरत असतील तर पॅकचं आयुष्य संपलं आहे.

मग नवा पॅक येतो. कुर्ला, लॅमिंग्टन रोड किंवा थेट कंपनीकडून. आमच्या ओळखीचे एक दुरुस्तीवाले आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या दुकानात एका पिकर पोराने पॅक खोक्यातून काढून स्कॅनरला लावला आणि वैतागला, ''चाचा, हा तर पाव भरलाय. जुना माल दिला तुम्हाला.''

चाचा म्हणाले, ''बेटा, पूर्ण भरून आला असता तर मी घेतला नसता.''

चाचांना नियम ठाऊक होता, त्यामागची घटना मी नंतर वाचली. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनला निघालेलं यूपीएस कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ दुबईजवळ कोसळलं. आत लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता आणि आग त्या मालात लागली होती. दोन्ही वैमानिक गेले. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेणं थांबवलं आणि मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या नसाव्यात असं ठरवलं. कमी भरलेला सेल पेटला तरी कमी भडकतो. नवा पॅक रिकामासा का येतो याचं उत्तर हे आहे. त्याला रात्रभराची पहिली चार्जिंग लागत नाही. दिवा हिरवा झाला की काढा आणि कामाला लागा.

बसवण्याआधी चाचा काय करतात ते सांगतो, कारण हे कुठल्या माहितीपत्रकात इतकं नीट सापडत नाही. आधी यंत्र व्यवस्थित बंद करून नोंदी सर्व्हरवर गेल्याची खात्री. जुना पॅक फुगला असेल तर त्याला दाबून, टोकदार वस्तूने उचकटून काढायचं नाही. प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू, आणि नाहीच निघाला तर मुठीचं कवच खोलायचं. मग मल्टिमीटर. धन-ऋण टोकं जुन्या पॅकच्या जागेवरच आहेत का, आणि मधल्या काँटॅक्टवर रोध दाखवतो का. त्या मधल्या काँटॅक्टला आत उष्णता मोजणारा थर्मिस्टर जोडलेला असतो. चाचा पॅक मुठीत धरून गरम करतात आणि आकडा हलतो का पाहतात. नकली पॅकमध्ये तिथे साधा रेझिस्टर टाकलेला असतो, आकडा ढिम्म राहतो. असा पॅक कितीही तापला तरी चार्जरला सगळं थंडच वाटतं. भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक लेबलवर आहे की नाही हेही ते बघतात, आयएस १६०४६ त्या खूणेशेजारी छापलेलं असतं. आणि उत्पादनाची तारीख. 'नवा' म्हणून आलेला पॅक चार वर्षं कुठल्या तरी गोदामात पडून असेल तर त्याचं निम्मं आयुष्य तिथेच गेलं.

काँटॅक्ट पुसायला ते आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. सँडपेपरने घासायला सक्त मनाई, कारण सोन्याचा पातळ मुलामा निघून गेला की पावसाळ्यात आतलं तांबं हिरवं पडतं. भिवंडीत हे जास्त महत्त्वाचं, कारण इथल्या हवेत मागावरचा सुताचा कीस असतो आणि तो घामाबरोबर चार्जरच्या स्टँडमध्ये जाऊन बसतो. 'बॅटरी गेली' म्हणून आलेल्या कित्येक स्कॅनरांना फक्त पुसायची गरज असते. झाकणाला रबराची कडी असेल तर ती जागेवर आहे ना, हेही पाहायचं. ती हरवली की धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण संपलं.

चाचांच्या ड्रॉवरमध्ये जुन्या पॅकची लेबलं साठली आहेत. एकाच मापाच्या पॅकवर आधी सिम्बॉल, मग मोटोरोला, मग झेब्रा. मोटोरोलाने २००७ मध्ये सिम्बॉल विकत घेतली, आणि २०१४ मध्ये तो सगळा धंदा झेब्राकडे गेला. मालक बदलत गेले, मुठीचा आकार तोच राहिला, आणि म्हणूनच पंधरा वर्षं जुनं यंत्र आजही नव्या पॅकवर चालतं. आता मात्र काही नव्या पॅकमध्ये चिप असते. ती उत्पादनाची तारीख, किती वेळा भरला, किती दम उरला हे सगळं सांगते. चांगलीच सोय. पण तीच चिप वापरून काही यंत्रं अनोळखी पॅकला नकारही देतात, तेव्हा चाचांचा मल्टिमीटर काही कामाचा राहत नाही. काही स्वस्त स्कॅनरांत तर सेल चिकटवूनच टाकलेला असतो, झाकणही नाही आणि स्क्रूही नाही. तो गेला की पूर्ण स्कॅनर टाकायचा. मला हा प्रकार लबाडीचा वाटतो. काही स्कॅनरांत आता बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर येतो, मिनिटाच्या आत भरतो आणि अनेक वर्षं बदलावा लागत नाही, पण एका भरण्यात त्याचे स्कॅन मोजकेच. औषधाच्या दुकानाला ठीक, आठ तासांच्या पिकिंगला नाही.

युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीने १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख दिली आहे. त्या दिवसापासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली हातातली बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला साध्या अवजारांनी काढता-घालता आली पाहिजे. भारतातल्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादकाने जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी आहे, पण मुठीला स्क्रू असावा असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. तोवर चाचा काढलेल्या प्रत्येक पॅकच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावतात, आपसात टेकून ठिणगी पडू नये म्हणून, आणि वाळूच्या बादलीशेजारी पत्र्याच्या डब्यात टाकतात. डबा भरला की नोंदणी असलेल्या रिसायकलरची गाडी येते. भंगारवाला किलोमागे जास्त देतो, त्याला ते देत नाहीत.